दिवसातून तीन वेळा झोपणारा नट

ही गोष्ट कोणी खरी मानणार नाही. जो मानेल त्याच्या घरच्यांनी त्याच्याकडे जरा लक्ष ठेवावं. भरदुपारी चौतीस शिकलीसवरलेली माणसं तिकीट काढून एका झोपलेल्या माणसाला बघायला गेली, आणि तिथे जे झालं ते कुठल्याही वर्तमानपत्रात आलं नाही, कारण लिहिणाऱ्यांपैकी जो तिथे हजर होता त्यालाही त्या वेळी स्वतःची शुद्ध नव्हती. पण घाई नको. आधी माणूस पाहू, मग त्याची झोप.

माणूस छप्पन्न वर्षांचा, पेशाने नट. तीस वर्षं त्याने रंगमंचावर आरडाओरडा करून पोट भरलं. राजे केले, फौजदार केले, सुनांना घराबाहेर काढणारे सासरे केले. आवाज असा, की शेवटच्या रांगेत डुलकी घेणारा प्रेक्षक दचकून उठायचा आणि शेजारच्याची माफी मागायचा. मग एका हिवाळ्यात घसा बसला तो उठलाच नाही. घशाच्या डॉक्टरने नळी घालून आत पाहिलं आणि म्हणाला, या आवाजात आता फार तर भाजी मागता येईल. दीड वर्ष नट घरी बसला. बायको केर काढताना त्याला म्हणायची, "अहो, जरा पाय वर घ्या." दिवसभरात त्याच्या वाट्याला तेवढंच एक वाक्य यायचं, आणि तेही दुसऱ्याचं.

अशात त्याला त्या मंडळींकडून बोलावणं आलं.

या मंडळींचं काम जगावेगळं. त्यांना रंगमंच नको, पडदा नको, खुर्च्यांच्या रांगा नकोत. टेलिफोन खात्याने सोडून दिलेली एक तीनमजली इमारत त्यांनी मिळवली आणि तिचं चक्क घर केलं. खाली स्वयंपाकघर, मधल्या मजल्यावर दिवाणखाना आणि त्याला लागून आजाऱ्याची खोली, वर गच्चीकडे जाणारी अडगळ. नाटकाचं नाव 'भेटीची वेळ'. घरातला म्हातारा आजारी आहे आणि नातेवाईक भेटायला आले आहेत, एवढीच गोष्ट. ते नातेवाईक म्हणजे प्रेक्षक. दारात प्रत्येकाला एक चिठ्ठी मिळायची. 'तुम्ही आजाऱ्याचे चुलतभाऊ, बारा वर्षं बोलणं नाही.' 'तुम्ही शेजारीण, घरच्यांपेक्षा तुम्हाला जास्त माहिती आहे.' चिठ्ठी वाचायची, आत शिरायचं आणि तासभर घरात वाटेल तिथे फिरायचं. स्वयंपाकघरात सून पुटपुटत असायची, दिवाणखान्यात दोघे मुलगे भांडत असायचे, जिन्यात डॉक्टर भेटायचा. ज्याला हवं त्याने हवं ते ऐकावं. रोज तीन प्रयोग. अकरा, दोन आणि पाच.

मंडळींच्या प्रमुख एक बाई. अंबाड्यात कायम दोन पेन्सिली खोचलेल्या, पायांत जाड बूट, आणि चालणं असं, की पुढच्या खोलीत कोणीतरी चूक करतंय आणि ती आत्ता पकडायची आहे. त्यांचे नियम दोनच. पहिला, उंबरठ्याच्या आत खरं नाव कोणी घ्यायचं नाही. चहा पितानासुद्धा सून ती सूनबाईच, मोठा मुलगा तो थोरला, लहान तो धाकटा. नट आला त्या दिवसापासून सगळ्यांचा बाबा झाला.

दुसरा नियम, घरात खोटं काही चालणार नाही. किटलीत पाणी खरं उकळायचं. सूप खरं, कांदा खरा, सूनबाईंचे डोळे कांद्यानेच पाणावायचे. डॉक्टर झालेला गृहस्थ बावीस वर्षं दवाखान्यात कंपाउंडर होता. तो प्रेक्षकांचा रक्तदाब खरोखर मोजायचा, आणि त्यातल्या दोघांना त्याने परस्पर खऱ्या इस्पितळात धाडलं होतं. थोरला आणि धाकटा हे तर सख्खे भाऊच. आईच्या शिवणयंत्रावरून दोघांचं चार वर्षं वाकडं होतं. त्यामुळे बाईंनी त्यांचं भांडण लिहायचे कष्टच घेतले नाहीत. "अकरा वाजता सुरू करा, बाराला थांबवा," एवढंच सांगितलं. अकराला सुरू व्हायचं. बाराला थांबवणं जरा जड जायचं.

त्या घरात खोटी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे बाबाची झोप.

बाबाचं काम असं. पलंगावर पडायचं, डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा. तासाच्या शेवटी खालची घंटा वाजली की डोळे उघडायचे आणि विचारायचं, "कोण आलंय?" झालं नाटक. घशाला तेवढं झेपत होतं.

घरी त्याने हे सांगितलं तेव्हा बायकोने हातातली केरसुणी खाली ठेवली. "मला कधी कोणी असलं काम देईना," ती म्हणाली. "दिवसभर पलंगावर लोळायचं आणि वर लोक टाळ्या वाजवणार."

"टाळ्या नसतात त्यात."

"मग तर अगदी आपल्या घरच्यासारखंच."

पण ज्याने झोपेचं सोंग कधी तासभर घेतलंय त्यालाच त्यातली मेहनत ठाऊक. तासभर तलवार फिरवणं परवडलं. डोळे मिटले की नाक खाजतं, हा निसर्गाचा नियम आहे. पापणी थरथरते. गिळावंसं वाटतं, आणि गिळलं की गळ्याचा कंठमणी वर-खाली होऊन चुगली करतो. बरं, प्रेक्षक लांब नव्हे, हातभर अंतरावर. कोणी वाकून तोंडावर श्वास सोडायचं. कोणी पांघरूण सारखं करायचं. एक बाई रोजच्या रोज यायच्या आणि त्याच्या कानाशी आपल्या नवऱ्याच्या तक्रारी सांगायच्या. पहिल्या प्रयोगाला पाठ दुखायची, दुसऱ्याला मान, तिसऱ्याला आपण मुळात कशाला जन्मलो इथपर्यंत विचार जायचा.

घरी जाऊन तरी झोपावं, तर दोन खोल्यांत मुलगी आणि तिची चार महिन्यांची जुळी. जावई बोटीवर. जुळ्यांनी आपसांत पाळ्या लावल्यासारखं ठरवलं होतं, एक निजलं की दुसऱ्याने उठायचं. म्हणजे बाबाचं आयुष्य असं झालं, की दिवसा झोपेचं नाटक आणि रात्री जागेपणाचं खरं काम. दोन महिन्यांत त्याच्या डोळ्यांखाली अशा पिशव्या लोंबू लागल्या, की मेकअप करणारीने त्याच्यासाठी डबी उघडणंच बंद केलं. "तुम्ही घरूनच तयार होऊन येता," ती म्हणायची.

आणि एका मंगळवारी, पाचच्या प्रयोगात, तो खरोखर झोपला.

घंटा वाजली. बाबा उठेना. एकवीस प्रेक्षक पलंगाभोवती उभे. पुन्हा घंटा. बाबा घोरत होता, संथ, खोल, लांबच्या धक्क्याला बोट लागावी तसा. आता प्रेक्षकांसमोर नाटकाबाहेरचं तर कोणी बोलू शकत नव्हतं. थोरला वाकून म्हणाला, "बाबा, उठा." धाकटा म्हणाला, "झोपू दे त्यांना, तू कधी कोणाला झोपू दिलंयस?" सूनबाई हातातला डाव घेऊन वर आल्या, पलंगाकडे पाहिलं, आणि खिडकीचा पडदा ओढला. प्रेक्षकांतला एक जाडजूड गृहस्थ डोळे पुसत बाहेर पडला. मागोमाग सगळे चवड्यांवर चालत गेले. दोन दिवसांनी पेपरात आलं, 'शेवटची झोप हा या नाटकातला सर्वांत सच्चा क्षण आहे.'

इथून बाबाच्या साडेसातीला सुरुवात झाली.

बाईंनी "कोण आलंय?" हे वाक्य कापलं. बाबाकडे तेवढंच एक होतं. "आता उठायचं नाही," त्या म्हणाल्या. "आणि आता सोंगही नको. खरी झोप लोकांना कळते. तीनही प्रयोगांत खरं झोपायचं."

"बाई, झोप काय किटली आहे? बटण दाबलं की उकळली?"

"तुम्ही तीस वर्षांचे अनुभवी आहात," बाई म्हणाल्या, आणि पेन्सिलीने वहीत काहीतरी लिहिलं.

त्यांना फसवायचीही सोय नव्हती. खरी झोप ओळखायची त्यांची एक खूण होती. माणूस झोपेचं सोंग घेतो तेव्हा चेहरा सैल सोडतो, पण पाय विसरतो. खरा झोपला की पायाचा अंगठा बाहेरच्या बाजूला कलंडतो. प्रयोग चालू असताना बाई नातेवाईक बनून पलंगाच्या पायथ्याशी येऊन उभ्या राहायच्या आणि पांघरुणाबाहेरच्या अंगठ्याकडे टक लावून बघायच्या. ज्या अंगठ्यावर कोणाची अशी नजर आहे तो कुठला कलंडतोय? छतातल्या खिळ्यासारखा ताठ.

लोक म्हणतात, झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला उठवता येत नाही. पण ज्याला झोपायचा हुकूम झालाय त्याला कसं झोपवायचं, हे कुठल्या म्हणीत नाही. मंडळींनी करून पाहिलं सगळं. सूनबाईंनी गरम दूध पाजलं, बाबाला तासभर नुसती लघवी लागली. धाकट्याने प्रयोगाआधी त्याला तीन मजले बारा वेळा चढवले-उतरवले, त्याचे गुडघे धरले, झोप नाही. थोरला घरच्या नळपट्टीवरचे नियम वाचून दाखवायला बसला आणि चौथ्या नियमाला स्वतःच घोरू लागला. डॉक्टर नाडी धरून म्हणाला, "प्रकृती उत्तम आहे. हाच प्रॉब्लेम आहे."

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणजे, घरची जुळी अचानक शहाणी झाली. आठ वाजले की दोघं निजायची ती सकाळी उजाडेपर्यंत. मुलगी झोपायची, बायको झोपायची, सगळं घर कसं तालात श्वास घ्यायचं, आणि मधोमध बाबा टक्क जागा, उद्या अकराला झोप लागेल की नाही याची काळजी करत.

"आज किती वेळा झोपलात?" बायको सकाळी विचारायची, जशी दुसऱ्यांच्या बायका विचारतात, आज किती फायली हलल्या.

"एकदाही नाही."

"बघा हं," ती म्हणाली, "झोपायच्या कामावरूनसुद्धा काढून टाकलं, असं लोकांना सांगायची वेळ आणू नका माझ्यावर."

वेळ तशीच येत होती. एका सकाळी तिकिटाच्या खिडकीशी बाईंना एक माणूस दिसला. उभ्या उभ्या, खिडकीच्या कठड्याला कोपर टेकून गाढ झोपलेला. बँकेच्या दारावर रात्रपाळीला पहारा करायचा, सकाळी घरी जाताना पोस्टर वाचायला थांबला आणि तिथेच लागला. बाईंनी त्याच्या बुटाकडे पाहिलं. बुटासकट पाऊल बाहेर कलंडलेलं होतं. दुसऱ्या दिवसापासून तो मंडळींत. नातं अजून मिळालं नव्हतं म्हणून सगळे त्याला रात्रपाळीच म्हणू लागले. बाई चुटकी वाजवायच्या, तो आडवा व्हायचा, आणि चुटकीचा आवाज विरायच्या आत झोपलेला असायचा.

"आयत्या पलंगावर नागोबा," सूनबाई कांदा चिरत म्हणाल्या.

पण माणूस वाईट नव्हता. त्यालाच बाबाची दया यायची. "काका," तो म्हणायचा, कारण त्याला अजून बाबा म्हणायचा हक्क मिळाला नव्हता, "तुम्ही झोपताना विचार करता. झोपताना विचार करायचा नसतो."

"मग काय करायचं असतं?"

रात्रपाळीने मनापासून आठवून पाहिलं. "ते मला माहीत नाही. मी तोवर झोपलेलो असतो."

बाबाला राग यायला हवा होता, पण रागालाही अंगात थोडी ताकद लागते. तीस वर्षांत त्याने माणसं रडवली, हसवली, एकदा तर फौजदाराच्या कामात एका खऱ्या चोराला पळायला लावलं होतं. आणि आता त्याच्या जागी येणार होता असा माणूस ज्याला अभिनयातला अ येत नव्हता, ज्याचं एकच भांडवल होतं, की त्याला झोप यायची. हरकत घ्यायची तरी काय? झोपेत तो बाबापेक्षा सरस होता, हे बाबालाही दिसत होतं.

बाईंनी मुदत दिली ती शुक्रवारची. शुक्रवारी दोनच्या प्रयोगाला लांबच्या एका मोठ्या नाट्यमहोत्सवाची निवड समिती येणार होती. त्यांनी नाटक घेतलं तर मंडळी वर्षभर गावोगाव जाणार. नाही घेतलं तर महिनाअखेर इमारत रिकामी, आणि सगळे आपापल्या घरी. "दोनला तुम्ही पडा," बाई बाबाला म्हणाल्या. त्यांचाही आवाज दमलेला होता. पाच महिने त्यांनीही धड झोप घेतली नव्हती. "सव्वादोनला मी येईन. अंगठा सरळ दिसला तर तुम्ही अडगळीच्या दाराने बाहेर, आणि रात्रपाळी आत. त्यानंतर मग पलंग त्याचाच. मला दुसरा इलाज नाही, बाबा."

"आणि मी?"

बाईंनी पेन्सिल अंबाड्यात खोचली, काढली, पुन्हा खोचली. "चिठ्ठ्या वाटायला कोणीतरी लागेलच," त्या म्हणाल्या.

गुरुवारची रात्र बाबाने जागून काढली. शुक्रवारी दोनला तो पलंगावर चढला तेव्हा त्याच्या पापण्यांत वाळू होती, कानांत मधमाश्यांचं पोळं होतं, आणि हाडं जणू कोणाकडून तरी उसनी आणलेली. इतका थकवा, की झोपसुद्धा त्याच्यापर्यंत पोचता पोचता दमून वाटेतच बसत होती. खिडक्या बंद होत्या. खालून सुपाचा वास आणि किटलीची वाफ जिन्याने वर येत होती. पलीकडे भाऊ भांडत होते, पण तेही आज थकलेलेच. "यंत्र तू नेलंस." "मी नेलं नाही, तू पाठवलंस." इतकंच, पुन्हा पुन्हा, पाढे म्हटल्यासारखं.

समितीतले तिघे इतर एकतीस जणांत मिसळून आले होते. एक टकलू गृहस्थ वहीत लिहीत होता. एक हडकुळा गोळ्या चघळत होता. तिसऱ्या होत्या करड्या कोटातल्या वयस्कर बाई. त्यांच्या चिठ्ठीत लिहिलं होतं, 'तुम्ही आजाऱ्याच्या थोरल्या बहीण, तुम्हाला कोणी कळवलंच नाही.' त्या आल्या, पलंगाशेजारच्या खुर्चीत बसल्या आणि गुडघे चोळू लागल्या. मग कोणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाल्या:

"सहा दिवसांत हे एकोणिसावं नाटक. परवा एकाने माझे डोळे बांधून मला तळघरात सोडलं. काल एकीने हात धरून नाचायला लावलं, माझे गुडघे बघितलेत का? सगळीकडे कोणीतरी माझ्याकडून काहीतरी करून घेतं. इथे तुम्ही एकटे काही मागत नाही." त्यांनी त्याच्या पांघरुणाची घडी सारखी केली. "खरे झोपला असाल तर झोपा. नसाल तर मला सांगू नका."

खालच्या घड्याळात सव्वादोन झाले. बाईंच्या बुटांचा आवाज दारातून आत आला आणि पायथ्याशी, कपाटाजवळ थांबला. तीस वर्षांचं सगळं आता एका अंगठ्यावर येऊन ठेपलं होतं.

आणि इथे, छातीवर हात ठेवून सांगायचं तर, बाबा झोपला. श्वास लांबला. ओठ थोडे विलग झाले. घशात ती खोल घरघर सुरू झाली, आणि पांघरुणाबाहेरचा उजव्या पायाचा अंगठा आधी जरा थरथरला, मग पिकलेलं फळ देठातून सुटावं तसा हळूच बाहेरच्या अंगाला कलंडला.

जाग आली ती शिंकेने. साडेपाच वाजले होते. पाचच्या प्रयोगाचे लोक आले तेव्हा दारात चिठ्ठ्या द्यायला कोणी नव्हतं, घंटा वाजवणारी टेबलावर डोकं टेकून पसरली होती. लोक आपले आपण आत शिरले. बघतात तर जिन्यात माणसं, दिवाणखान्यात माणसं, जो तो जिथे होता तिथे झोपलेला. त्यांना वाटलं हेच नाटक. बिचाऱ्यांनी बूट काढून हातात घेतले आणि भिंतींना टेकून गपचूप बसले. त्यातल्या एकाला शिंक आवरली नाही, आणि तिने तीन मजले जागे केले.

सगळ्यांच्या गालांवर कशाचे ना कशाचे वळ होते. करड्या कोटातल्या बाईंच्या गालावर पांघरुणाची नक्षी उमटली होती. त्यांनी ओठाचा कोपरा पुसला, कोट झटकला आणि बाईंना विचारलं, "वर्षभर फिरायची तयारी आहे का तुमची?" टकलू आणि हडकुळा नुसते मान हलवत होते. त्या जाता जाता दारातून परत आल्या आणि बाबाकडे बघून म्हणाल्या, "यांना बदलू नका."

पाचचा प्रयोग अर्थातच झाला नाही. स्वयंपाकघरात मंडळी चहाला जमली. बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने बाबाला कप दिला.

"मी अंगठा पाहिला," त्या म्हणाल्या. "त्यानंतरचं मला काही आठवत नाही, पण तो मी नीट पाहिला. इतकी खरी झोप मी दुसरी बघितली नाही. पलंग तुमचा, बाबा."

रात्रपाळी सगळ्यांत आधी हसला. त्याला खरंच आनंद झाला होता. "मी जिन्यात वाट बघत होतो काका, तिथेच लागलो. बरं झालं. मला दिवसा काम नकोच होतं, दिवसा झोप येते."

"पण झालं काय नक्की?" सूनबाई म्हणाल्या. "मी सूप ढवळत होते. पुढचं काही नाही."

"मला आठवतं मी यंत्राचं बोलत होतो," थोरला म्हणाला.

"ते तू नेहमीच बोलत असतोस," धाकटा म्हणाला.

कोणालाच काही सांगता येईना. सगळे एकमेकांकडे बघत होते, चोरी झालेल्या घरातल्या माणसांसारखे. आता या घटकेला बाबाने कप तोंडाला लावून ठेवला असता तर त्याचं वर्ष सुखात गेलं असतं. पण ज्याने तीस वर्षं बोलून पोट भरलं आणि ज्याला पाच महिन्यांत दोन शब्दांपलीकडे बोलू दिलं नाही, नंतर तर तेही कापले, त्याच्या पोटात गोष्ट कितीशी टिकणार? त्याने कप खाली ठेवला. घसा खाकरला.

"पहिल्या त्या करड्या कोटवाल्या," तो बसक्या आवाजात म्हणाला. "पहिल्यांदा नुसती जांभई. हात तोंडावर न्यायचंही भान नाही. मग डोकं हळूहळू खाली, खाली, आणि माझ्या पांघरुणाच्या कडेवर गाल. ती जांभई बघून टकलूला जांभई. तो लिहिता लिहिता भिंतीला टेकून खाली बसला, पेन सुटेना, त्या पेनाने वहीवरून पँटवर, पँटवरून पायमोज्यावर अशी एकच लांब रेघ ओढली. हडकुळ्याच्या तोंडातली गोळी गालात राहिली, गाल फुगलेला तो फुगलेलाच. मग काय, वणवा पसरावा तसं. दिवाणखान्याचं दार उघडंच होतं. हे दोघे रामलक्ष्मण, यंत्र तू नेलंस, यंत्र तू नेलंस, यंत्र तू, आणि थांबले. धाकट्याचं डोकं थोरल्याच्या खांद्यावर. आणि थोरल्याने, मी सांगतो, झोपेतच हात टाकून त्याला जवळ ओढला. वर पाठीवर थोपटलंसुद्धा. दोनदा."

"मी? छे," थोरला म्हणाला. धाकटा कपात बघत राहिला.

"डॉक्टर दारातच एकाचा रक्तदाब घेत होता. पट्टा त्याच्या दंडाला, नळी याच्या कानात, दोघांची डोकी एकमेकांना टेकलेली. अशी घट्ट मैत्री मी लग्नातसुद्धा पाहिली नाही."

सगळे हसायला लागले. डॉक्टर स्वतःच्या कपाळाला हात लावून बघत होता. बाबाला आता रंग चढला. किती महिन्यांनी समोर तोंडं होती, उघडे डोळे होते, आणि ते त्याच्याकडे बघत होते. घशात दुखत होतं. दुखू दे.

"आणि बाई," तो म्हणाला, "बाई शेवटपर्यंत लढल्या. अंगठा पाहिला, मान डोलावली, वहीत लिहायला पेन्सिल काढली, आणि पाठ कपाटाला टेकली. टेकली ती घसरली. अशा सावकाश घसरल्या, जसा भिंतीवरचा ओला कागद. बूट पुढे, वही पोटावर. तोंड उघडं. दुसरी पेन्सिल अंबाड्यातून सुटली, जमिनीवर दोन उड्या मारल्या आणि पलंगाखाली गेली. मग घोरणं. आधी नुसती शीळ. नंतर जे सुरू झालं, लाकडाच्या वखारीत बसल्यासारखं वाटलं."

बाईसुद्धा हसल्या. हसताना त्यांचा हात अंबाड्याकडे गेला. तिथे एकच पेन्सिल होती.

रात्रपाळी हसत नव्हता. तो कप दोन्ही हातांत धरून कपाळाला आठ्या घालून बसला होता, झोपेचा विषय निघाला की मनापासून विचार करायचा तसा.

"काका," तो म्हणाला, "बाईंची पेन्सिल पडली तेव्हा बाई झोपलेल्या. आम्ही सगळे झोपलेलो. तुम्हीपण झोपलेले. मग बघत कोण होतं?"